खंबाटकी घाट ते पीयूसी : ईजीआर व्हॉल्व्हचे तेवीस दिवस

गणपतीच्या आदल्या दिवशी, ६ सप्टेंबर २०२४ ला, शुक्रवारी संध्याकाळी आमची गाडी खंबाटकी घाटात धाप टाकायला लागली. शाळा सुटल्यावर लेकाला आणि सामानाला गाडीत घालून मी धनकवडीहून गावी निघाले होते. गाव वाई तालुक्यात, सुरूर फाट्यावरून आत. सणाची गर्दी, शिरवळपासूनच गाड्यांची रांग. घाट चढायला लागलो तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबूनही आरपीएमचा काटा दोन हजारांच्या वर जाईना. मागच्या एसटीच्या दिव्यांच्या उजेडात आरशात काळा धूर दिसला. तो आमच्याच गाडीचा होता. तेवढ्यात डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

एका वळणावर रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली, पार्किंगचे दिवे लावले आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. गाडी मुळात त्यांचीच. ते म्हणाले, "टेम्परेचरचा काटा बघ आधी. मध्यावर आहे? तेलाचा लाल दिवा लागलाय का? नाही ना? मग घाबरू नकोस. दहा मिनिटं थांब, मग दुसऱ्या गिअरवर सावकाश ये. पोचशील." पोचले. पण माथ्यापर्यंत पोटात गोळा होता. हात स्टिअरिंगवर इतके घट्ट आवळले होते की घरी गेल्यावर आरतीची ताटली धरताना बोटं दुखत होती.

पुढे तीन आठवड्यांत जे जे केलं ते इथे तारखांसकट लिहून ठेवते आहे. गाडीतलं काही कळत नाही म्हणून समोरचा सांगेल त्याला मान डोलावणारी मी एकटी नसणार, आणि हे काम वाटतं तेवढं आवाक्याबाहेरचं नाही.

गाडी २०१५ ची, डिझेल, एमएच १२ पासिंग. अण्णांनी निवृत्तीच्या आदल्या वर्षी पुण्यात घेतली. गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारा बीएस-४ हा नियम सगळ्या देशाला १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, पण पुणे आणि सोलापूर धरून तेरा शहरांत तो २०१० पासूनच होता, त्यामुळे गाडी बीएस-४ ची आहे. हे इथे सांगते कारण पुढे पीयूसीच्या, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्राच्या, मर्यादेत त्याचा संबंध येतो. अण्णा गावी राहायला गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. ते होते तेव्हा महिन्यातून दोनदा तरी पुणे-वाई व्हायचं. माझ्या हातात आल्यापासून ती घर ते शाळा, शाळा ते भाजी, भाजी ते घर एवढीच फिरते. चार-पाच किलोमीटर, तेही सिग्नल धरून. इंजिन धड तापायच्या आत मी ते बंद करते.

गावी असताना ग्लव्ह बॉक्समधून अण्णांची वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद असलेली. अण्णा स्वतःच पान उलटत गेले आणि एका ओळीवर बोट ठेवलं : "२३/११/१९. ६१,४०० कि.मी. पिकअप कमी, धूर. ईजीआर काढून साफ केला. पॅकिंग नवे. रु. ११००." (ईजीआर म्हणजे इंजिनाच्या धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी झडप, तिच्याबद्दल पुढे सांगते.) आता काटा ९२ हजारांच्या पुढे होता. म्हणजे हा आजार गाडीला आधी होऊन गेला होता आणि तेव्हा तो साफसफाईने बरा झाला होता. ती एक ओळ हाताशी नसती तर पुढच्या आठवड्यात मी चोवीस हजार रुपये भरून मोकळी झाले असते.

सोमवारी, ९ तारखेला पुण्याला परतले. येताना बोगद्यातून यायचं असतं, चढ फारसा नाही, त्यामुळे गाडी साठच्या वेगाने का होईना, आली. मंगळवारी सकाळी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन लावला. गणपतीच्या दिवसांत निम्मी माणसं सुट्टीवर, शिवाय १७ ला अनंत चतुर्दशी. वेळ मिळाली ती १९ तारखेची. मधले नऊ दिवस मी रिक्षाने शाळेत गेले.

१९ सप्टेंबर, गुरुवार. गाडीला स्कॅनर लावला. ५०० रुपये आणि वर कर, एकूण ५९०. कोड आला पी०४०२. याचा अर्थ ईजीआरमधून हवा त्यापेक्षा जास्त वायू फिरतो आहे. (याच्या शेजारचा पी०४०१ आला तर उलटं समजायचं : प्रवाह कमी आहे, वाट बुजली आहे किंवा व्हॉल्व्ह बंदच राहतो आहे.) मी तिथे उभी राहून स्क्रीन दाखवायची विनंती केली आणि त्या मुलाने ती मानली. व्हॉल्व्हला हुकूम होता शून्य टक्के उघडण्याचा, आणि तो प्रत्यक्षात ३४ टक्के उघडा होता. इंजिनाचा संगणक "मिट" म्हणत होता आणि झडप मिटत नव्हती. माझ्यासारख्या माणसालाही हे आकडे बघून कळलं. म्हणून सांगते, स्कॅनर लावून घेतलात तर नुसता कोड ऐकून निघू नका. चालू इंजिनाचे आकडे दाखवायला सांगा, त्याचा फोटो काढा आणि कोडचा कागद छापून मागा.

त्यानंतर अंदाजपत्रक आलं. नवा व्हॉल्व्ह, मजुरी, कर धरून साधारण साडेचोवीस हजार, आणि भाग यायला दहा-बारा दिवस. मी वहीतली ओळ दाखवून विचारलं, साफ करून चालणार नाही का? "मॅडम, आम्ही क्लीनिंग करत नाही. केलं तरी गॅरंटी देता येत नाही. बदलणं हेच बरोबर." तो मुलगा सौजन्याने बोलत होता आणि त्याच्यावर राग नाही. पण व्हॉल्व्ह न उघडता, न बघता, बदलायचा निर्णय झालेला होता याचं वाईट वाटलं. दोन दिवस विचार करते म्हणून निघाले.

इथे थोडं थांबून सांगते की हा व्हॉल्व्ह करतो काय, कारण ते समजल्यावरच माझी भीती अर्धी झाली. डिझेल जळताना सिलिंडरमध्ये उष्णता फार वाढली की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जुळून नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ती छातीला घातक, आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोनही तयार होतो. यावर उपाय म्हणून जळून बाहेर पडणाऱ्या वायूचा थोडा भाग परत आत सोडतात. त्या वायूत ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे जळण जरा थंड होतं. हा परतीचा वायू किती सोडायचा ते ठरवणारी झडप म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह. हळू चालताना ती उघडते. घाटात, ओव्हरटेक करताना, पाय दाबला की ती मिटली पाहिजे, कारण तेव्हा इंजिनाला ताजी हवा पूर्ण लागते. आमची मिटत नव्हती. घाटात गाडी स्वतःचाच धूर श्वासात ओढत होती. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर आणि ताकद गायब.

आणि ती अडकते कशाने? धुरातली काजळी आणि इंजिनातून येणारी तेलाची वाफ एकत्र येऊन डांबरासारखा थर चढतो. गाडी लांब, गरम, मोकळी पळली तर हा थर सावकाश धरतो. रोज चार किलोमीटर थंड इंजिनावर रांगली तर लवकर. म्हणजे खरं कारण माझं घर ते शाळा होतं.

शनिवारी २१ तारखेला दुसरी काळजी समोर आली. गाडीची पीयूसी २८ सप्टेंबरला संपत होती. संपायच्या आत नवी काढून टाकावी म्हणून पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावरच्या केंद्रात गेले. डिझेल गाडीची तपासणी पेट्रोलसारखी नसते. सायलेन्सरमध्ये नळी घालतात, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, सोडायचा, असं पुन्हा पुन्हा, आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते यंत्र मोजतं. बीएस-४ डिझेलला मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. आमचा आकडा आला २.३१. नापास. १५० रुपये गेले आणि हातात नापास झाल्याची छापील स्लिप आली, कारणासकट. केंद्रचालक म्हणाले, "ताई, हे आता ऑनलाइन चढलंय. मला काही करता येत नाही." त्यांनी काही करावं अशी माझीही इच्छा नव्हती.

पीयूसी नसताना गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण खरं सांगायचं तर दंडापेक्षा तो आकडा जास्त लागला. आमच्या शाळेच्या फाटकासमोर सकाळी मी गाडी उभी करते तेव्हा सायलेन्सर ज्या उंचीवर असतो, त्याच्या थोडं वर पहिलीतल्या मुलांची तोंडं असतात. डिझेलचा धूर कर्करोगाला कारणीभूत ठरतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलेलं आहे.

पीयूसी केंद्रावरच एका गाडीवाल्याने आपुलकीने सल्ला दिला : "ईजीआरला पत्रा मारून घ्या. पाचशे रुपयांत काम. परत कटकट नाही." हा सल्ला तुम्हालाही मिळणार, म्हणून माझं मत स्पष्ट लिहिते. पत्रा मारून ती परतीची वाट बुजवली की काजळीचा त्रास जातो हे खरं. पण नायट्रोजनची ती ऑक्साइडं मग सरळ रस्त्यावर येतात, आणि पीयूसीच्या धूर-तपासणीत ती पकडलीच जात नाहीत, कारण तिथे फक्त काळेपणा मोजतात. म्हणजे कागदावर गाडी स्वच्छ आणि हवेत विष. शिवाय कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करायला कलम ५२ ची मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा आहे. मी नाही म्हटलं.

सोमवारी २३ तारखेला शाळेनंतर घराजवळच्या गॅरेजमध्ये गेले. तिथले मामा साठीच्या आसपासचे, मोजकं बोलणारे. स्कॅनरचा कागद, स्क्रीनचा फोटो आणि वहीतलं पान तिन्ही समोर ठेवलं. त्यांनी वहीच आधी वाचली. म्हणाले, "वडील व्यवस्थित आहेत तुमचे." मग बॉनेट उघडून हात घालून बघितलं. "मोटर मेली असती तर हुकूमच घेतला नसता. हिची मोटर ढकलतीय, झडप बसत नाहीये. मळ असणार. काढून बघू. साफ झाली तर झाली, सीट खाल्लेली असली तर मी स्वतः सांगेन नवा घ्या म्हणून." मजुरी १,५००. पॅकिंग, म्हणजे सांध्यातून वायू गळू नये म्हणून मध्ये बसवायच्या चकत्या, मात्र मी आणायची, आणि शक्य असेल तर मी तिथे थांबायचं, असं ठरलं.

मंगळवारी नाना पेठेत गेले. गाड्यांच्या सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठेइतकी सोय दुसरीकडे नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीचे मांडव अजून पुरते उतरले नव्हते, रस्ते अरुंद झाले होते, म्हणून चालत फिरले. पहिल्या दोन दुकानांत नुसतं मॉडेल सांगितलं तर "कुठलं इंजिन, कुठला महिना?" असं विचारून परत पाठवलं. तिसऱ्यात मी आरसीचा फोटो दाखवला, त्यावरचा चासी नंबर बघून त्यांनी दोन मिनिटांत पॅकिंग काढून दिली. पत्र्याची, एक व्हॉल्व्हच्या बैठकीची आणि एक पाइपाच्या तोंडाची, दोन्ही मिळून २८०. सोबत एअर फिल्टर ४५० ला घेतला, कारण तो बदलूनही दोन वर्षं झाली होती, आणि कार्बोरेटर क्लीनरचा डबा ३२० ला. जाण्याआधी आरसीचा आणि चासी नंबरचा स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पहिल्याच दुकानात दाखवा, एवढी एकच गोष्ट माझी अर्धी दुपार वाचवू शकली असती.

बुधवारी काम करायचं ठरलं होतं, पण २५ तारखेला दुपारनंतर पुण्यात जो पाऊस कोसळला तो तुम्हाला आठवत असेल. गॅरेजच्या दारात घोटाभर पाणी. गुरुवारही तसाच गेला. पीयूसीला दोन दिवस उरले होते आणि मी दर तासाला खिडकीतून आभाळ बघत होते.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. अर्धी रजा टाकून साडेबाराला गॅरेजमध्ये पोचले. गाडी सकाळीच तिथे नेऊन सोडली होती, म्हणजे इंजिन पूर्ण गार झालेलं. गरम इंजिनावर हे काम करायचं नाही. ईजीआरचे भाग सायलेन्सरच्या वायूने तापलेले असतात आणि हात पोळतात.

मामांनी आधी बॅटरीची मायनसची वायर काढली. मग वरचं कव्हर, मग फिल्टरकडून येणारा हवेचा पाइप. व्हॉल्व्हच्या डोक्यावर मोटर असते, तिला वायरचा कनेक्टर. त्याची खिट्टी प्लॅस्टिकची आणि नऊ वर्षं उष्णता खाल्लेली, म्हणून ती ओढायची नाही. अंगठ्याने दाबून धरून हलकेच मागे घ्यायची. बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबलो. या पंधरा मिनिटांत मामांनी चहा मागवला आणि म्हणाले, "इथं घाई केली की बोल्ट तुटतो. बोल्ट तुटला की तीन तास." चहानंतर बोल्ट आवाज न करता फिरले. काही गाड्यांत या व्हॉल्व्हला कूलंटच्या नळ्याही जोडलेल्या असतात, आमच्या गाडीत तशा नव्हत्या. तुमच्या गाडीत असतील तर कूलंट काढणं, परत भरणं, आतली हवा काढणं हे वाढीव काम आहे आणि ते जाणत्याकडेच द्यावं.

व्हॉल्व्ह बाहेर आला आणि मामांनी तो उलटा करून माझ्यासमोर धरला. मी काजळी म्हणजे चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाची काजळी समजत होते. ही तशी नव्हती. तोंडाजवळ ती कोरडी, मखमलीसारखी, फुंकर मारली तर उडेल अशी. आत गेलं की ओली, चकचकीत, डांबरासारखी, बोट लावलं की तार धरणारी. ज्या वाटेतून अंगठा सहज जायला हवा त्यातून करंगळीही जाईना. आणि झडपेची गोल टिकली जिथे बसते, त्या कडेवर एका बाजूला काळा, कडक, तुरीच्या दाण्याएवढा खडा चिकटलेला होता. मामांनी तो लाकडी काडीने टोकरला तेव्हा टक् असा आवाज आला. घाटात मला अडवणारा तो हा एवढासा खडा होता.

साफ करायचं काम मी केलं. मामा शेजारी दुसऱ्या गाडीचं काम करत लक्ष ठेवून होते. रबरी हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि बसायचं उघड्यावर. ही काजळी श्वासात जाऊ देऊ नका. क्लीनर मारताना मोटर वर आणि झडप खाली अशीच धरायची. उलट धरली तर द्रव आत उतरून मोटर खराब होते, आणि मग खरोखरच नवा घ्यावा लागतो. थोडं फवारायचं, पाच मिनिटं मुरू द्यायचं, जुन्या टूथब्रशने घासायचं, फडक्याने पुसायचं, परत फवारायचं. पहिला तासभर फडकं काळंच निघत होतं. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक, यातलं काहीही टिकलीच्या बैठकीला लावायचं नाही. ओरखडा पडला की झडप कधीच नीट मिटणार नाही. आइस्क्रीमची लाकडी काडी पुरते. टिकली बोटाने जोर लावून उघडायची नाही, आतले दाते तुटतात. शेवटी वाऱ्याच्या नळीने सगळं वाळवलं.

मग मामांनी एक साधी परीक्षा घेतली, ती मला फार आवडली. झडप मिटलेली असताना वरच्या पोकळीत चमचाभर डिझेल ओतलं आणि खाली पांढरा कागद धरला. दोन मिनिटं. कागदावर एकही थेंब नाही. "बसली," ते म्हणाले.

इंजिनाच्या बाजूचं तोंडही तेवढंच बरबटलेलं होतं. तिथे क्लीनर फवारायचा नाही. आधी आत फडक्याचा बोळा घट्ट बसवायचा, म्हणजे सुटलेले तुकडे इंजिनात जाणार नाहीत. मग काडीने खरवडून ते तुकडे वेचून काढायचे आणि शेवटी बोळा काढायला विसरायचं नाही. मामांनी बोळ्याला लाल दोरा बांधला होता आणि त्याचं टोक बाहेर ठेवलं होतं. आणखी एक ताकीद त्यांनी दिली : चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या तोंडात क्लीनर मारण्याचे प्रकार लोक करतात, ते मुळीच करायचं नाही. तो द्रव जळणारा असतो. इंजिन त्याच्यावर बेफाम पळायला लागलं तर चावी फिरवूनही बंद होत नाही.

नवी पॅकिंग, बोल्ट आधी हाताने, मग पान्याने आलटून पालटून थोडे थोडे. पाइप, नवा फिल्टर, कनेक्टर, शेवटी बॅटरी. चावी फिरवून इंजिन सुरू न करता मिनिटभर थांबलो, म्हणजे झडप आपली मिटलेली जागा परत ओळखून घेते. काही गाड्यांत हे काम स्कॅनरनेच करावं लागतं. मामांनी त्यांच्या छोट्या स्कॅनरवर जुना कोड पुसला. हुकूम शून्य, प्रत्यक्ष शून्य. इंजिनाचा आवाज मऊ झालेला मला स्वतःला ऐकू आला. साडेपाच वाजले होते. घरी येताना वाटलं, झालं एकदाचं.

२८ सप्टेंबर, शनिवार, पीयूसीचा शेवटचा दिवस. सकाळी गाडी सुरू केली आणि दहा मिनिटांत पिवळा दिवा परत लागला. त्या क्षणी मला रडू आलं. वाटलं, सर्व्हिस सेंटरचा मुलगा बरोबर होता, मी हट्ट केला. तशीच मामांकडे गेले. स्कॅनरवर या वेळी वेगळाच कोड, पी०४०३. तो व्हॉल्व्हच्या वायरिंगचा असतो. मामांनी बॉनेट उघडलं, कनेक्टर धरून ढकलला आणि टक् आवाज आला. खिट्टी पूर्ण बसलीच नव्हती. "माझ्याकडून राहिलं, ताई," ते म्हणाले आणि कोड पुसून दिला. त्यांनी हे इतक्या सरळपणे सांगितलं की माझा सकाळचा सगळा ताण तिथेच उतरला. तुम्ही हे काम कुठेही करून घ्या, कनेक्टर बसवताना तो टक् आवाज स्वतःच्या कानांनी ऐका.

पीयूसीला जाण्याआधी कात्रज बोगद्यातून खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडेपर्यंत जाऊन आले. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारांच्या वर ठेवली. थोडा वेळ मागे धूर होता, मग तो विरळ होत थांबला. धूर-तपासणी नेहमी तापलेल्या इंजिनावर करावी, थंड गाडीचा आकडा उगाच वाढतो. चार वाजता केंद्रात पोचले. नळी घातली, ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला, सोडला. मी पडद्याकडे न बघता चालकांच्या चेहऱ्याकडे बघत होते. "०.७९," ते म्हणाले. "पास."

पण प्रमाणपत्र लगेच निघेना. गाडी अण्णांच्या नावावर, नोंदणीत मोबाइल नंबर अण्णांचा, आणि ओटीपी गेला वाईला. अण्णांचा फोन लागेना. गावात आमच्या घरी रेंज फक्त ओसरीच्या पायरीवर येते. तीनदा प्रयत्न केल्यावर आईने उचलला, तिने मागच्या शेतात असलेल्या अण्णांना हाक मारली, ते येईपर्यंत पहिल्या ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. अण्णा पायरीवर उभे राहून एकेक आकडा दोनदा वाचत होते आणि इकडे मी मोठ्याने म्हणत होते, तर रांगेतले तीन रिक्षावाले शांतपणे थांबले. १५० रुपये, एका वर्षाची मुदत, क्यूआर कोड असलेला कागद. ज्यांच्या घरी गाडी आई-वडिलांच्या नावावर आहे त्यांनी पीयूसीला जाण्याआधी त्यांना फोन करून जवळ बसवून ठेवा. मी मात्र आता गाडी माझ्या नावावर करून घेते आहे. फॉर्म २९ आणि ३० भरून झालेत, अण्णांच्या सह्या दिवाळीत घेतल्या.

सगळा खर्च जोडला : स्कॅन ५९०, दोन वेळची पीयूसी ३००, पॅकिंग २८०, क्लीनर ३२०, फिल्टर ४५०, मजुरी १,५००. एकूण ३,४४० रुपये. रिक्षाचे पैसे यात धरलेले नाहीत. प्रत्येकाचं एवढ्यातच भागेल असं मी म्हणणार नाही. मोटर जळलेली असेल किंवा बैठक झिजलेली असेल तर घासून उपयोग नाही, बदलावाच लागतो. पण उघडून बघितल्याशिवाय ते ठरवू देऊ नका.

त्यानंतर मी गाडी वापरायची पद्धत बदलली. शाळेत आता बहुतेक दिवस चालत किंवा बसने जाते. चार किलोमीटरसाठी डिझेल इंजिन जागं करणं सोडलं. दर दुसऱ्या रविवारी सकाळी लवकर लेकाला घेऊन हायवेला खेड शिवापूरपर्यंत जाऊन येते, येऊन-जाऊन पाऊण तास, मोठा गिअर टाकून रेंगाळायचं नाही. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं आणि वेळेवर. ज्यांच्या गाड्या २०२० नंतरच्या, बीएस-६ च्या आहेत त्यांच्याकडे बहुधा काजळी अडवणारा वेगळा फिल्टरही असतो. त्याची काळजी निराळी, माझा अनुभव तिथे जसाच्या तसा लावू नका.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मामांकडे जाऊन व्हॉल्व्ह परत एकदा काढून बघितला. गरज नव्हती, पण मला बघायचं होतं. तोंडाशी कोरड्या काजळीचा पातळ थर, आत ओलं काही नाही, बैठक स्वच्छ. ब्रश फिरवला, नवं पॅकिंग लावलं, कनेक्टरचा टक् ऐकला. गाडीत बसून निळी वही उघडली आणि अण्णांच्या अक्षराखाली लिहिलं : "२९/१२/२४. ९३,८५० कि.मी. ईजीआर तपासला, ठीक. पॅकिंग नवे. पुढची तपासणी १,०५,००० ला किंवा २०२५ च्या गणपतीआधी, जे आधी येईल ते."